शहादेवचा डावा हात

पाटोद्याच्या अवतीभवतीच्या गावांत ज्याचं लग्न घोडीवरून लागलं, त्याला शहादेवचा डावा हात ठाऊक असतोच. परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, घरातून निघून मारुतीच्या देवळाकडे चालू लागला की पुढे हलगी, मागे वऱ्हाड, मधे मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, आणि त्याच्याखाली चांदणी घोडी. तिच्या हनुवटीपाशी लगाम धरून शहादेव. हात जरासा वर गेला की चांदणी मान ताठ करायची. मनगटाला दोन बारीक हिसके बसले की एकेक पाय उचलून नाचायला लागायची, आणि वरचा नवरदेव डोळे मिटून कुलदैवताचं नाव घ्यायचा. शहादेवच्या उजव्या हातात एक रुमाल असायचा. तो हवेत उडायचा, गोल फिरायचा, खांद्यावरून मागे जायचा.

"रुमाल लोकासाठी," तो सांगायचा. "घोडीसाठी ह्यो." आणि डावा हात पुढे करायचा.

मागच्या उन्हाळ्यात चांदणी पोटात कळ येऊन गेली. म्हातारी झाली होती, चार दिवस लोळली आणि गेली. शहादेवनं सगळं नीट केलं, तिला शेतात पुरलं, वर बाभळीचे फाटे टाकले. पण हाताला कुणी सांगितलं नाही. हात आपला चालूच. जेवताना भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला की मनगट दोनदा उडायचं आणि कालवणाचे थेंब छबुबाईच्या लुगड्यावर. एकदा किराणाच्या दुकानात गोडेतेलाची पिशवी घेऊन उभा असताना शेजारच्या गल्लीत कुणाचा तरी ताशा वाजला. हात सरळ वर गेला. पिशवी फुटली.

"अवो, त्या हाताला बांधून ठिवा काय तरी," छबुबाई म्हणाली. "न्हाई तर कोयता द्या त्याच्यात."

कोयत्याची गोष्ट ती उगाच काढत नव्हती. त्यांचा मुलगा बजरंग दरवर्षी दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊसतोडीला जायचा, बायको आणि दोन लेकरं घेऊन. शहादेव आयुष्यात कधी गेला नव्हता. घरी जनावर आहे, तुळशीच्या लग्नानंतर परण्यांच्या सुपाऱ्या येतात, सोडून कसं जायचं? इतकी वर्षं हे कारण बिनतोड होतं. आता बजरंग म्हणाला, "दादा, यंदा तुमी दोघंबी चला. आमी फडात ऱ्हातो, लेकरं कोपीत एकटी पडत्यात. हितं बसून तरी काय करनार तुमी?"

शहादेव कामाला भीत नव्हता. पण कोपीच्या, त्या पाचटाच्या झोपडीच्या, दारात लेकरं राखत बसायचं आणि चार महिने कुठलंही जनावर हातात नाही, या विचारानंच त्याची झोप उडाली.

अशा वेळी राधाकिशन आण्णांच्या वस्तीवरून बोलावणं आलं. आण्णा म्हणजे जिल्हा परिषदेचे माजी सदस्य. पांढरी गाडी, शंभरभर माणसांचा राबता, आणि शब्द तोलून बोलायची सवय. बोलावणं मात्र त्यांचं नव्हतं. त्यांच्या सुनेचं, वर्षाराणीचं होतं.

वर्षाराणी उदगीरकडची. तिच्या वडिलांकडे कारवान जातीची कुत्री. कारवान म्हणजे उंच, सडपातळ, पोट पाठीला लागलेलं, तोंड निमुळतं, आणि पळायला लागलं की जमिनीशी त्याचं फारसं देणंघेणं राहत नाही असं कुत्रं. लग्न होऊन आली तेव्हा तिच्याबरोबर दोन पाठराखिणी आल्या होत्या. एक आत्या आणि एक हरणी. आत्या सोळाव्या दिवशी परत गेली. हरणी राहिली.

"मामा, परळीला कुत्र्यांचं प्रदर्शन हाय," वर्षाराणी म्हणाली. "दसऱ्यानंतरच्या रविवारी. हरणीला रिंगणात घेऊन पळायचंय."

"मंग पळा की ताईसाहेब."

तिनं नुसतं स्वतःच्या पोटाकडे बघितलं. सातवा महिना चालू होता. शहादेव ओशाळला.

"आन् अभिमन्यू भाऊ?"

"त्यांनी एक चक्कर मारली काल. तेव्हापासून त्या लिंबाखाली पडलेत."

लिंबाखालून तिच्या नवऱ्यानं, अभिमन्यूनं, झोपल्या झोपल्याच हात वर करून राम राम केला.

मग तिनं खरी गोष्ट सांगितली. घरात बाळ येणार म्हणून आण्णांना कुत्री वस्तीवर नको होती. तिनं हट्ट धरला तेव्हा त्यांनी एक अट घातली. हरणीनं परळीत कारवानांत पहिला नंबर काढला तर वस्तीवर कारवानांची पैदास करा, माणूस ठेवा, मी शेड घालून देतो. नाही काढला तर हरणी उदगीरला. "आणि माणूस म्हंजे तुमी," वर्षाराणी म्हणाली. "घोडी पुढं चालवणारा माणूस तालुक्यात दुसरा कोण हाय?"

शहादेव घरी आला तो चालत नव्हता, तरंगत होता. छबुबाईला म्हणाला, "कोयता राहू दे. मला कुत्री भेटली."

"आता हेच ऐकायचं राहिलं होतं," ती म्हणाली.

पहिल्याच दिवशी भांडण झालं, ते दोरावरून. वर्षाराणीनं जो दोर त्याच्या हातात दिला तो बोटापेक्षाही बारीक होता. एका टोकाला फास, तो कुत्र्याच्या कानांच्या मागे, मानेवर अगदी वर बसवायचा.

"हे? ह्याचा करदोडासुदिक टिकायचा न्हाई."

"टिकवायचाच न्हाई मामा. नुसता हातात असू द्यायचा. उरलेला दोर घडी करून मुठीत, बाहेर लोंबू द्यायचा न्हाई. हरणी तुमच्या डाव्या अंगाला. जज मधे उभा असतो, त्याच्या आणि हरणीच्या मधे तुमी कधी यायचं न्हाई."

"नवरदेवाच्या आन् फोटोवाल्याच्या मधी आपन येत न्हाई, तसंच की."

"तस्संच."

एवढं जमलं. पण शहादेवनं सवयीनं हात वर उचलला, मान ताठ व्हावी म्हणून. हरणीचे पुढचे पाय जमिनीवरून सुटले, डोळे बाहेर आले.

"मामा! फाशी देताय का तिला?"

"मान नगं का ताठ?"

"तिची मान तिला धरता येते. तुमी घोडीला नाचवत होता. हिला काहीच करायचं न्हाई, हिची चाल दिसू द्यायची. जज तुमचा हात बघायला परळीला येत न्हाई हो."

हे शहादेवला लागलं. चाळीस वर्षांत त्याच्या हाताबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. तो हरणीला घेऊन नांगरट संपते तिथपर्यंत गेला आणि बराच वेळ पाठ करून उभा राहिला. हरणी त्याच्या पायावर बसली. जनावर पायावर बसलं की शहादेवला राग धरता येत नसे.

पुढचे दिवस बरे गेले. तिचा वेग आधी ओळखायचा आणि आपण तिच्या वेगानं पळायचं, हे त्याला लगेच समजलं. पळताना दम सांभाळावा म्हणून तो तोंडानं हलगी वाजवायचा, ढांग-चिक, ढांग-चिक, आणि त्याच्या नकळत मनगट दोनदा उडायचं. चारसहा दिवसांनी आण्णा फाटकातून आत येत होते. त्यांनी गाडीची काच खाली केली. हरणी एकेक पाय उचलत, मान डोलवत, शहादेवच्या शेजारून नाचत चालली होती.

"सूनबाई," आण्णा म्हणाले, "हिचं लगीन कधी धरलंय?"

काच वर गेली. वर्षाराणी हसली नाही, म्हणजे आधी खूप हसली आणि मग गंभीर झाली. नाचणारं कुत्रं म्हणजे चाल बिघडलेलं कुत्रं; जज पहिल्या फेरीतच बाजूला काढील. तिनं शिलाई मशीनवरची रिळं आणली. फासाला दोराऐवजी शिवणाचा दोरा बांधला आणि त्याचं टोक शहादेवच्या मुठीत दिलं.

"आता पळा. हिसका दिला की तुटंल."

तुटला. परत बांधला, परत तुटला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या पडीक रानात पांढरे, तांबडे, हिरवे दोरे लोंबत होते. शेळ्यांनी काही खाल्ले. छबुबाई जेवणाचं फडकं घेऊन आली आणि बांधावर थबकली. "पतंग उडवताय का कुत्री?"

"हाताला झोपवतोय," शहादेव म्हणाला.

आणि खरंच त्यानं तेच केलं. तोंडातली हलगी बंद केली. दात आवळले. डावा हात खांद्यापासून असा सैल सोडला, जसं झोपलेलं लेकरू मांडीवरून उतरवताना आपण श्वाससुद्धा मोठा घेत नाही. एक दिवस हरणी पूर्ण गोल फिरून आली, वळली, सरळ गेली, परत आली, आणि दोरा शाबूत. वर्षाराणीनं टाळ्या वाजवल्या. अभिमन्यू लिंबाखालून उठून बसला, ही त्याच्या मानानं मोठीच दाद होती.

हातातला ताल गेला. तो कुठं गेला, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

रविवारी आण्णांच्या गाडीतून सगळे परळीला. शाळेचं मैदान, फक्कीनं आखलेली रिंगणं, वर वीजकेंद्रातल्या दगडी कोळशाच्या राखेचा तो नेहमीचा करडा पदर. पांढऱ्या कुत्र्यांचे मालक सारखे कुत्री पुसत होते. इतक्या जातींची कुत्री शहादेवनं जन्मात बघितली नव्हती. एक बाई पर्समध्ये कुत्रं घालून आली होती. एकाचं कुत्रं वासराएवढं होतं आणि त्यालाही पर्समध्येच बसायचं होतं. शहादेवनं डोक्याला गुलाबी फेटा बांधला होता, परण्याचा. वर्षाराणीनं विनवलं होतं, साधं या. त्यानं धोतर साधं नेसलं. फेट्याबद्दल बोलणीच नाहीत.

कारवानांच्या रिंगणात पाच-सहा कुत्री होती. शहादेवच्या पुढे लातूरचा एक पोरगा, कोट घातलेला, त्याच्याजवळ काळा सुलतान. कुत्रं खरोखर देखणं.

"काका, फेटा काढा," पोरगा भल्या मनानं म्हणाला. "कुत्री बुजतील."

"ह्या फेट्याला नवरदेव बुजलेत, जनावर न्हाई बुजलं."

जज पुण्याकडचे, उंच, शांत, डोक्याला टोपी. एकेका कुत्र्याला उभं करून बघत होते. हरणीजवळ आले तेव्हा शहादेवनं तिचे ओठ वर करून स्वतःच आत डोकं घातलं. घोड्याच्या बाजारात दात असेच दाखवतात.

"जरा मलाही बघू द्या," जज म्हणाले.

"बगा की साहेब. खोट न्हाई."

त्यांनी पाठीवरून हात फिरवला, खांदे चाचपले, मान हलवली. मग एकेकाला पळवायचं सुरू झालं. सुलतान छान पळाला. त्याच्या मालकाचा दोर दोनदा ताणला गेला, शहादेवनं बघून ठेवलं. मग जजनी हरणीकडे बोट केलं.

शहादेवनं दोराची घडी मुठीत घेतली, हात झोपवला, पहिलं पाऊल टाकलं. आणि त्याच क्षणी मैदानाच्या फाटकात प्रमुख पाहुणे आले.

ते दहा वाजता येणार होते. साडेबारा वाजले होते. त्यामुळे स्वागताला जमलेल्या हलगीवाल्यांच्या अंगात अडीच तासांची हलगी साठली होती. ती एकदम सुटली. पाठोपाठ फटाक्यांची माळ. मैदानभर नुसता हलकल्लोळ उडाला. पर्समधलं कुत्रं पर्सच्या तळाशी गेलं. वासराएवढं कुत्रं पाहुण्यांच्या पायावर जाऊन बसलं आणि उठेना. सुलतान पोटावर सपाट झाला. एक अल्सेशियन आपल्या मालकाला ओढत थेट शामियान्यात घेऊन गेला आणि तिथून खुर्च्या पडल्याचा आवाज आला.

हरणीनं एक कान वळवला. ढांग-चिक. हा आवाज तिला पाठ होता. तिनं पुढचा उजवा पाय उचलला, तो हवेतच धरला, आणि शहादेवकडे बघितलं. विचारत होती.

रिंगणाच्या बाहेर वर्षाराणीनं पदराचं टोक दातात धरलं. आण्णांनी डोळ्यावर गॉगल चढवला.

शहादेवला सगळं माहीत होतं. मनगट एवढंसं हललं तर हरणी नाचणार, आणि त्याच दिवशी उदगीरच्या रस्त्याला लागणार, आणि आपण ऊसतोडीच्या. हात, बाबा, झोप. झोप रं. हात झोपला. हरणीनं पाय खाली टेकला आणि ती पळू लागली. लांब, सरळ, हलकी. दोर दोघांच्या मधे झोळीसारखा लोंबत राहिला. शहादेव तिच्याबरोबर पळत होता आणि त्याची नजर फक्त त्या झोळीवर होती. झोळी हलत नव्हती. त्याला वाटलं, जमलं.

लोक मात्र दुसरंच काही बघत होते.

डाव्या हाताला जायला जागा उरली नव्हती म्हणा, की चाळीस वर्षांच्या परण्यांचं देणं असंच फेडायचं होतं म्हणा, तो सगळा ताल शहादेवच्या पायांत उतरला होता. गुडघे छातीला लागत होते. टाचा वाजत होत्या. उजवा खांदा उडत होता, कंबर मागेपुढे होत होती, फेट्याचा शेमला पाठीवर थयथयत होता. आणि त्या सगळ्या वादळाला जोडलेला डावा हात दोरीवरच्या ओल्या सदऱ्यासारखा निपचित लोंबत होता. त्याच्या शेजारून हरणी चालली होती, इकडेतिकडे न बघता, एखाद्या घरंदाज बाईला रस्त्यात दारुड्याची सोबत घडावी तशी.

"आगं आयायायाय!" कुणीतरी ओरडलं. शिट्ट्या झाल्या.

कोपऱ्यावर वळताना जज आणि कुत्र्याच्या मधे येऊ नये म्हणून दोर उजव्या हातात घ्यायचा असतो. शहादेवनं तो घेतला, पण घेता घेता एक गिरकी मारली. दोर गुंतला नाही. झोळी तशीच. हलगीवाल्यांनी ते बघितलं मात्र, ते पाहुण्यांना हारासकट तिथंच सोडून रिंगणाच्या कडेला आले आणि शहादेवसाठी वाजवायला लागले. प्रमुख पाहुणे पायावरच्या कुत्र्यासह एकटे उभे राहिले.

फेरी संपली. शहादेव जजसमोर थांबला. हरणी उभी राहिली, चारही पाय आपापल्या जागी, तोंड वर, जसं काही घडलंच नाही.

जजनी टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी घातली. "पुन्हा एकदा," ते म्हणाले. हलगीवाल्यांनी हात आवरते घेतले तसे जज त्यांच्याकडे वळले. "तुम्ही वाजवा."

पुन्हा एकदा झालं. पहिल्यापेक्षा जोरात झालं.

निकाल लागला तेव्हा लातूरच्या पोराला राहवलं नाही. "सर, हा माणूस सरळ सरळ नाचत होता!"

"हो ना," जज म्हणाले. "फार छान नाचत होता. पण मी कुत्र्याची चाल बघतो. या गोंधळात सगळ्यांचे दोर ताणले गेले, माणसंही घाबरली. हिचा दोर दोन्ही वेळा सैल होता आणि चाल दोन्ही वेळा तीच." मग त्यांनी शहादेवच्या हातात पहिल्या नंबरची फीत दिली. "काका, पुढच्या वेळी जरा कमी नाचा."

"मी?" शहादेवला काही कळेना. "मी कुटं नाचलो साहेब? हात तर हाललासुदिक न्हाई माजा!"

यावर वर्षाराणी इतकी हसली की तिला जमिनीवर बसावं लागलं. ती खाली बसलेली बघून अभिमन्यूला वाटलं की वेळ आली. तो "गाडी काढा, गाडी काढा" म्हणत धावत सुटला, रिंगण ओलांडलं, शामियाना ओलांडला, आणि चाळीस पावलांवर दम लागून बसला. त्याला उठवायला माणसं गेली.

परतीच्या वाटेवर आण्णा पुढच्या सीटवर गप्प होते. अंबाजोगाई गेली, केज गेलं. मागे शहादेव, त्याच्या मांडीवर हरणीचं डोकं. त्यानं हळूच वर्षाराणीला विचारलं, "आण्णा रागावलेत का?" तिनं तोंडावर पदर घेतलेला होता, उत्तर देण्यासारखी तिची अवस्था नव्हती.

कपिलधारच्या फाट्यावर आण्णांनी गाडी थांबवायला सांगितली. नेहमीसारखे देवस्थानाच्या दिशेनं हात जोडले. मग मागे न वळता म्हणाले, "शहादेव, शेडची जागा उद्या सकाळी दाखव. आन् पिलं झाली म्हंजे त्यांना हे शिकवायचं न्हाई."

"काय शिकवायचं न्हाई, आण्णा?"

आण्णांनी सांगायचा प्रयत्न केला. त्यांचे खांदे हलायला लागले. तोलून बोलणाऱ्या त्या माणसाला पाटोदा येईपर्यंत एक शब्द बोलता आला नाही.

कुणीतरी मोबाइलवर सगळं टिपलं होतं, ते शहादेवच्या आधी गावात पोचलं. छबुबाईनं शेजारणीच्या फोनवर बघितलं आणि मग अख्ख्या गल्लीला बोलावून परत बघितलं. शहादेव दारात आला तेव्हा ती म्हणाली, "लग्नात मला कावून न्हाई नाचून दावलं असं?"

"तू तरी नगं," तो म्हणाला. "आगं, मी पळत होतो."

दिवाळी झाली. टोळीचा ट्रॅक्टर मारुतीपाशी उभा राहिला. बजरंग आणि त्याची बायको चढली. लेकरं चढली नाहीत. ती छबुबाईच्या लुगड्याला धरून उभी होती, कारण आजी-आजा आता गावातच राहणार होते, आणि मोठी स्वप्नाली यंदा वर्षभर एकाच शाळेत बसणार होती. बजरंगनं खाली वाकून तिच्या डोक्यावर हात ठेवला. शहादेवकडे बघून काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण ट्रॉलीतल्या पोरांनी तेवढ्यात तोंडानं हलगी धरली, ढांग-चिक, ढांग-चिक, आणि बजरंगलाही हसू फुटलं. ट्रॅक्टर त्या तालावरच वळणाआड गेला.

हरणीला चार पिलं झाली. वर्षाराणीला मुलगी. शेड झालं. पिलं चालायला लागल्यापासून शहादेव रोज सकाळी रस्त्याच्या कडेच्या रानात त्यांना एकेक करून बारीक दोरावर पळवतो. दोर सैल. पाटोद्याला जाणारे लोक मोटारसायकली थांबवून बघत राहतात, कधी कधी एसटीसुद्धा हळू होते. शहादेव छाती काढून पळतो. जातिवंत जनावर म्हटलं की लोक बघणारच, असं त्याचं मत आहे.